त्या फोटोतला कोट माझा नाही

"परदेशात चालला आहेस ना, मग जरा माणसात आल्यासारखा दिस."

स्टुडिओवाल्यानं हे हसत हसत म्हटलं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. उलट आपण काहीतरी चांगलं करून दिलं याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं. माझ्या हातात त्यानं दिलेलं पाकीट होतं, आणि पाकिटातून अर्धा बाहेर काढलेला माझाच फोटो. फोटोत माझ्या अंगात निळा कोट होता. आत पांढरा शर्ट. गळ्यात लाल टाय. मी दुकानात आलो होतो चौकड्याच्या शर्टात. त्या शर्टाला सकाळीच इस्त्री केली होती.

मी कोट घालत नाही. लग्नातही घातला नाही. का घालत नाही ते पुढे सांगतो.

अमरावतीची गोष्ट आहे, फार जुनी नाही. माझी धाकटी बहीण जर्मनीत एका दवाखान्यात नर्स आहे. तिचे दिवस भरत आले होते. नवराही त्याच दवाखान्यात. दोघांच्या पाळ्या, घरात तिसरं माणूस नाही. तिनं फोनवर एकच धोशा लावला होता, मायले घेऊन ये. मायनं आयुष्यात अकोला पाहिलं, अमरावती पाहिली, आणि दसऱ्याला नागपूर. ती एकटी विमानात बसणं शक्य नव्हतं, म्हणून मी सोबत जायचं ठरलं. मी इथल्या आयटीआयमध्ये पोरांना वायरमनचं काम शिकवतो. रजा मिळाली. पासपोर्ट आधीच काढून ठेवले होते. दोन दिवसांनी नागपूरला व्हिसाच्या केंद्रात जाऊन कागद द्यायचे होते. ही तारीख हुकली असती तर पुढची तारीख थेट बाळंतपण उरकल्यावरची होती. सगळे कागद तयार होते. राहिला होता फक्त फोटो.

बहिणीनं फोनवर नियम सांगून ठेवले होते. मागं पांढरं पाहिजे. सावली पडायला नको. कान झाकायचे नाहीत, चष्मा घालायचा नाही, हसायचं नाही. आणि चेहऱ्यात काही म्हणजे काही बदल करायचा नाही, जसा आहे तसा. मायला तिनं वेगळं सांगितलं, "पांढरं लुगडं नको घालू, मागचं पांढरं अन् लुगडं पांढरं, नुसतं डोकंच दिसंन." बाप गेल्यापासून माय पांढरंच नेसते. त्या दिवशी तिनं ट्रंकेतलं पोपटी लुगडं काढलं. नेसताना मला म्हणाली, "या वयात नवरी करून राहिले मले."

स्टुडिओ नावाजलेला. मालकाच्या आजोबांपासूनचा. काचेचं दार, आत गारवा, बसायला सोफा. आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर एक भलामोठा फोटो होता. मेळघाटातली एक कोरकू आदिवासी म्हातारी. कपाळावर गोंदण, गालावर गोंदण, हनुवटीवर गोंदण, सुरकुती न् सुरकुती स्पष्ट. खाली पितळी पट्टी, तीवर 'वार्धक्य' असं लिहिलेलं, मालकाचं नाव, आणि या फोटोला दिल्लीच्या प्रदर्शनात बक्षीस मिळाल्याचं. माय त्या फोटोसमोर उभी राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हिनं माह्याहून लय गोंदून घेतलं."

मायच्या कपाळावर मधोमध एक मोठं टिंब आहे आणि त्याच्या खाली तीन बारकी. हनुवटीवर एक. हिरवट, जुनी. लहानपणी जत्रेत तिच्या मायनं काढून घेतलेली. आमच्या दोघा भावंडांना झोपवताना ती वाकली की आम्ही त्या टिंबावर बोट ठेवायचो आणि तसेच झोपायचो. बहीण तर पाचवीत जाईपर्यंत.

मालक आधी नीट बोलला. "या, बसा. व्हिसाचा आहे का? कुठल्या देशाचा? वा." मग पावतीसाठी नाव विचारलं. मी नाव सांगितलं. "पूर्ण नाव सांगा." मी आडनाव सांगितलं.

आडनाव ऐकून माणूस क्षणभर थांबतो. तो क्षण मला लहानपणापासून ओळखू येतो. त्यानं पावती लिहिली, मान वर केली, आणि म्हणाला, "बस तिथं." या दोन वाक्यांच्या मधे माझं 'तुम्ही'चं 'तू' झालं. मी चाळिशीचा आहे. तो असेल पंचावन्नचा. वयाचा मान म्हणावा तर आडनाव सांगायच्या आधीही तो पंचावन्नचाच होता.

आधी माझा फोटो काढला. मग मायला स्टुलावर बसवलं. मायच्या डोक्यावर पदर. तो खाली घ्यायला तिनं हात वर नेला आणि परक्या माणसासमोर जरा थांबली. सवय असते ती. कान दिसले पाहिजेत हे तिलाही माहीत होतं, पण हात थांबला.

"घे गं बाई पदर खाली," तो कॅमेऱ्यामागून म्हणाला. "तुला कोण बघतंय इथं?"

मायनं पदर खाली घेतला. फोटो काढला. अर्ध्या तासानं या म्हणाला. आम्ही समोरच्या टपरीवर चहा प्यायलो. माय विचारत होती, विमानात खिडकी उघडता येते काय, उलटी झाली त कसं. मी तिला समजावत होतो, पण डोक्यात ते वाक्य फिरत होतं. तुला कोण बघतंय. पैसे देऊन ऐकून घेतलेलं बोलणं.

परत आलो. त्यानं दोन पाकिटं पुढे केली. मायच्या हातात तिचं पाकीट दिलं. तिनं फोटो बाहेर काढला, लांब धरला, जवळ धरला. आणि मला म्हणाली, "बाबू, दुसऱ्याचं पाकीट देलं वाटते. हे कोन हाय?"

मी पाहिलं. एक गोरी बाई होती. गुळगुळीत. कपाळ कोरं. हनुवटी कोरी. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं, गालावरच्या रेषा गेल्या होत्या. उन्हात कापूस वेचून, जिनिंगच्या कारखान्यात सरकीची धूळ खाऊन झालेला रंग गेला होता. त्या बाईला कधी कुणी उन्हात उभं केलं नसावं.

मायनं पुन्हा पाहिलं. "लुगडं त माह्यच हाय," ती म्हणाली.

तेव्हा मी माझं पाकीट उघडलं, आणि तेव्हा तो ते माणसात आल्यासारखं दिसायचं बोलला.

आता कोटाचं सांगतो.

मी सातवीत होतो. अकोल्यातली नावाची शाळा. वकील, डॉक्टर, प्राध्यापक यांची पोरं तिथं यायची. आम्ही रुळापलीकडच्या वस्तीत राहायचो. बाप कापूस बाजारात हमाल, माय जिनिंगात. वस्तीतल्या शाळेच्या गुरुजींनी हाताला धरून मला त्या शाळेत नेऊन बसवलं होतं. त्या वर्षी मी स्कॉलरशिपच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिला आलो. शाळेत पेपरवाला फोटो काढायला आला. मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या शर्टाला खांद्यावर ठिगळ होतं. मायनं बारीक टाक्यांनी लावलेलं, पण रंग जरा वेगळा.

"हा शर्ट चालणार नाही," ते म्हणाले. "पेपरात शाळेचं नाव येणार आहे."

शाळेचा एक कोट होता. मरून रंगाचा, खिशावर शाळेचं चिन्ह. सक्तीचा नव्हता, ज्यांना परवडायचा ते घालायचे. वर्गातल्या एका वकिलाच्या मुलाला त्यांनी बोलावलं, त्याचा कोट उतरवला आणि माझ्या अंगात घातला. बाह्या लांब होत्या. फोटोवाला म्हणाला, हात मागे घे. मी हात मागे घेतले. फोटो निघाला.

शाळा सुटायची वेळ होती. मी कोट काढायला व्हरांड्यात आलो तोच वकिलीणबाई मुलाला न्यायला आल्या. पांढरी गाडी. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या अंगातल्या कोटाकडे. मुलगा म्हणाला, "आई, फोटोसाठी दिला होता. माझाच आहे तो." मी कोट काढला, घडी केली, दोन्ही हातांनी पुढे धरला. त्यांनी हात पुढे केला नाही.

"तिथं ठेव. पायरीवर," त्या म्हणाल्या.

मी पायरीवर ठेवला. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली आणि म्हणाल्या, "सीटवर नको. डिकीत टाक."

गाडी गेली. मी तिथंच उभा. मला नीट कळलंही नव्हतं काय झालं ते. एवढं कळलं की तो कोट सकाळी मुलाच्या अंगात गाडीच्या सीटवर बसून शाळेत आला होता, आणि दुपारी त्याच गाडीत तो सीटवर बसू शकत नव्हता. मधल्या वेळात फक्त मी तो घातला होता.

दोन-चार दिवसांनी मुख्याध्यापकांनी मला पुन्हा बोलावलं. टेबलावर तोच कोट. "घे," ते म्हणाले. "तुलाच दिला त्यांनी. मोठ्या मनाची माणसं आहेत. जाऊन आभार मान." वकिलाच्या मुलाच्या अंगात त्या दिवशी नवा कोट होता.

मी कोट घरी आणला. खोटं कशाला सांगू, मला तो आवडला होता. वस्तीत कुणाच्या पोराकडे तसा कोट नव्हता. पण मायनं विचारलं कुठून आला, आणि मी सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. थापता थापताच विचारलं, "डिकी म्हंजे काय?"

"गाडीच्या मागं असते. चाक ठेवतात त्यात. जास्तीचं."

"बरं," माय म्हणाली.

जेवणं झाल्यावर तिनं विळी घेतली. आधी कोटाची पितळी बटणं नीट उसवून काढली, एका डबीत ठेवली. "बटनाइनं काय केलं बिचाऱ्याइनं," म्हणाली. मग कोट मधोमध फाडला, घडी घातली, चारी बाजूंनी दोरा मारला, आणि दाराशी टाकला. आमच्या घरात त्याआधी पायपुसणं नव्हतं. वस्तीतली माणसं यायची, पाय पुसायची, म्हणायची, वा, लय भारी पायपुसणं हाय. माय म्हणायची, "वकिलाच्या घरचं हाय." तीन पावसाळे टिकलं ते.

पण शाळेतला फोटो पायपुसणं होऊ शकत नव्हता. तो चौकटीत बसवून त्यांनी 'आमचे गुणवंत विद्यार्थी' म्हणून हॉलमध्ये लावला. मी दहावी होईपर्यंत रोज त्याच्याखालून गेलो. दुसऱ्याच्या कोटात हात मागे घेऊन उभा असलेला मी.

तर हे सगळं माझ्या अंगात होतं आणि मी अमरावतीच्या त्या गार दुकानात उभा होतो. हातात निळ्या कोटातला मी. यावेळी तर कोणी कोट उतरवलाही नव्हता. कॉम्प्युटरमध्ये आधीच तयार असतो तो. वरून मान लावायची, झालं. आमच्या गावागावांत अशा कोटातले कितीतरी लोक भिंतींवर लटकलेले आहेत. सगळ्यांच्या अंगात एकच कोट, एकच टाय.

मी म्हटलं, "आहे तसे काढून द्या. दोघांचे."

"का? काय वाईट झालंय?"

"बदललेला फोटो चालत नाही त्यांना. पासपोर्टवर हिच्या कपाळावर गोंदण आहे."

"कोणाला कळतंय. कितीतरी लोक घेऊन गेले माझ्याकडून."

"अन् कोट घाला असं मी कधी म्हटलं?"

तो पुन्हा हसला. "अरे, तुमच्या लोकांना निळा कोट आवडतो ना. घरोघर भिंतीवर असतोच तुमच्या. म्हणून मी आपणहून चढवला. त्याचे वेगळे पैसे नाही लावले."

नोकरीत, बँकेत, दुकानात मी शुद्ध बोलतो. शाळेनं लावलेली सवय. ती त्या क्षणी गळून पडली.

"त्या भिंतीवरच्या आमच्या साऱ्याइच्या बापानं थो कोट शिकून सोता कमावला," मी म्हणालो. "कोनं चढवला नाही त्याच्या अंगावर. कोनं डिकीतून काढून बी नाही देला."

डिकीचं त्याला काय कळणार. पण आवाज त्याला कळला. सोफ्यावर दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांनाही कळला. मायनं माझी बाही ओढली.

"जाऊ दे बाप्पा," ती म्हणाली. "पोरगी वाट पाहून राहिली. चालते हेच. चाल घरी."

हीच बाई. जिनं कोटाचं पायपुसणं केलं ती. पण आता तिच्या डोळ्यांपुढे पोरगी होती, एकटी, परक्या देशात, पोट घेऊन. तिथं पोचायचं तर कपाळ पुसून जायलाही तिची तयारी होती. मला तिचा राग नाही आला. आमच्या माणसांना कुठंतरी पोचायचं असलं की असंच करावं लागतं, काहीतरी दाराशी काढून ठेवून आत जावं लागतं. राग आला तो या गोष्टीचा.

"माय, हे फोटोत कोन हाय?" मी तिला विचारलं.

तिनं फोटो पुन्हा लांब धरला.

"तुले नाही ओळखू आली, त तिकडच्याइले कशी येईन?"

मालक कंटाळला होता. "हे बघ, वाद नको. नसेल पटत तर दुसरीकडे जा. गावात स्टुडिओ कमी नाहीत. असला फोटो माझ्या दुकानातून बाहेर जात नाही. पाकिटावर माझं नाव असतं."

"असला म्हंजे कसला?"

त्यानं मायच्या कपाळाकडे बोट केलं. तोंडानं बोलायचं टाळत होता, पण बोलला. "ते डाग. तो रंग. सगळं तसंच ठेवलं तर लोक म्हणतील, याला काम येत नाही."

खरंच होतं त्याचं. दुसरीकडे जाता आलं असतं. रस्ता ओलांडला की दुसरा स्टुडिओ होता. पण मला तिथूनच पाहिजे होता. त्याच दुकानातून, त्याच पाकिटात, त्याच्या नावाखाली मायचं कपाळ बाहेर जायला पाहिजे होतं. अकोल्याच्या व्हरांड्यात मी कोट पायरीवर ठेवून उभा राहिलो होतो. इथं मला काहीही खाली ठेवायचं नव्हतं.

मी भिंतीकडे बोट केलं. "मंग हिचं कावून नाही पुसलं?"

"कुणाचं?"

"ह्या बुढीचं. हिचं त पुरं तोंड गोंदलेलं हाय. सुरकुत्या बी ठेवल्या. हिचा फोटो कसा जाते तुमच्या दुकानातून बाहेर? दिल्लीले गेला ना?"

"ती कला आहे," तो म्हणाला. "ते वेगळं."

"नाव काय हिचं?"

त्यानं काउंटरवरचं पावतीपुस्तक सरळ केलं.

"खाली तुमचं नाव हाय. वार्धक्य लिहिलं हाय. हिचं नाव काय?"

"आता मला काय माहीत? जंगलात भेटलेली बाई. किती वर्षं झाली."

सोफ्यावरची माणसं भिंतीकडे पाहायला लागली. इतका वेळ त्यांच्या डोक्यावरच होता तो फोटो.

तेव्हा माय बोलली. माझ्यामागून पुढे आली आणि काउंटरला हात टेकून उभी राहिली. आवाज अगदी रोजचा, भाजीवालीशी बोलावं तसा.

"डाग कोनाले म्हनला तू?"

'तू' म्हणाली. मी मायला शहरातल्या माणसाशी 'तू' बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"बाई, मी तुमच्या भल्यासाठी—" तो म्हणाला. त्याचं 'तुम्ही' परत आलं होतं.

"माह्या मायनं पदरची ज्वारी देऊन काढून घेतलं हे," माय म्हणाली. "अंगावर सोनं घालाची ऐपत नव्हती. म्हने पोरी, सोनं इथंच राहते, गोंदन तेवढं संगं येते. माह्या दोघा लेकराइनं याच्यावर बोट ठेवून झोप काढली. आता तिसरं येऊन राहिलं. त्याले कोरं कपाळ दाखवू?"

माय पांढऱ्या पडद्यासमोर गेली, स्टुलावर बसली. डोक्यावरचा पदर स्वतःच्या हातानं खाली घेतला. यावेळी हात थांबला नाही. केस कानामागे सारले. पाठ ताठ केली आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"काढ," ती म्हणाली. "अन् पुसू नको."

तो घाबरला असं मी म्हणणार नाही. लाजला असंही म्हणणार नाही, त्याचं तोंड तसं नव्हतं. गिऱ्हाईक वाढत होतं, म्हातारी स्टुलावरून हलत नव्हती, आणि त्याला लवकर मोकळं व्हायचं होतं. त्यानं फोटो काढला. पहिल्या फोटोत मागं सावली पडली. मी म्हटलं, सावली चालत नाही. त्यानं दिवा सरकवला, दुसरा काढला. मग माझा काढला, चौकड्याच्या शर्टात. मी हात मागे घेतले नाहीत. फोटोत हात दिसत नाहीत, तरी घेतले नाहीत.

कॉम्प्युटरवर तो बसला तेव्हा मी त्याच्या मागे उभा राहिलो. पडद्यावर मायचा चेहरा मोठा झाला. एकेक टिंब दिसत होतं. त्याचा हात सवयीनं कपाळाकडे गेला.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं हात मागे घेतला. मशीनमधून फोटो निघाले. कातरले, पाकिटात घातले. आधीचे फोटो तो कचऱ्यात टाकायला निघाला तर मायनं हात पुढे केला. "दे इकडं." माझा कोटातला फोटो तिनं घेतला. आम्ही घरी जायला ऑटोत बसलो तेव्हा तिनं तो पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला.

"कापडाचा असता त कामी तरी आला असता," म्हणाली, आणि इतकी हसली की ऑटोवाल्यानं मागे वळून पाहिलं.

नागपूरला खिडकीमागच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, फोटो पाहिला, मायकडे पाहिलं आणि कागद आत घेतले. पासपोर्टातली, फोटोतली आणि समोरची, तिघी एकच होत्या. त्यात काही मोठं नव्हतं. जे आपसूक व्हायला पाहिजे त्यासाठी आम्हाला एका दुकानात एवढं बोलावं लागलं, इतकंच. आम्ही वेळेत पोचलो. भाचीला मायनं हातात घेतलं. माय तिथंच राहिली, मी रजा संपल्यावर परत आलो.

अमरावतीला आलो आणि त्याच आठवड्यात अकोल्याची एसटी पकडली. इतक्या वर्षांत शाळेत पाऊल टाकलं नव्हतं. हॉल तोच. रंग नवा. भिंतीवर 'आमचे गुणवंत विद्यार्थी' तसंच, आणि चौथ्या चौकटीत मी. कोट आता फिका पडलेला, पण ओळखू येतो. बाह्या लांब आहेत हेही दिसतं, नीट पाहिलं तर.

मुख्याध्यापिका नव्या आहेत. चांगल्या बोलल्या, खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, तो फोटो काढा. त्या म्हणाल्या, "अहो, का? किती छान दिसताय. अभिमानाची गोष्ट आहे."

मी म्हटलं, "कोट माझा नाही."

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. शर्ट, ठिगळ, पायरी, डिकी. त्यांच्या चहाच्या कपात साय धरली. मग त्या म्हणाल्या, "फार वाईट झालं. पण इतकं जुनं आता उकरून काय मिळणार? संस्थेचे लोक विचारतील."

"विचारू द्या," मी म्हटलं. "मी सांगतो त्यांना. दोनच गोष्टी आहेत. एक तर तो काढा आणि हा लावा." चौकड्याच्या शर्टातला फोटो मी मोठा करून नेला होता, अमरावतीच्या त्याच दुकानातून. "नाहीतर तोच ठेवा आणि खाली एक ओळ लिहा. अंगातला कोट याचा नाही. शाळेला याचा शर्ट चालला नाही, म्हणून दुसऱ्याचा घातला."

त्या म्हणाल्या, पाहते. संस्थेपुढे ठेवते. फोटो त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला.

तो अजून खणातच आहे. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा शिपायानं दारातच विचारलं, काय काम आहे. मी म्हटलं, माझा शर्ट इथं राहिला आहे, तो न्यायला आलो. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. माय परत आली की तिलाही घेऊन जाईन, पोपटी लुगड्यात, आणि पदर खाली घेऊन ती त्यांच्या हॉलमध्ये बसेल. त्यांना हवा तेवढा वेळ त्यांनी घ्यावा. त्या भिंतीवर मी राहीन तर माझ्या शर्टात राहीन, नाहीतर तिथला खिळा रिकामा राहील.